न आलेल्या एकतीसजणी

“...पण मग का येत नाहीत त्या, माई? मी अजून काय करायचं बाकी ठेवलंय?”

माईंनी वर पाहिलं नाही. त्यांच्या पुढ्यात कापूस होता. तळव्यावर तळवा फिरला, एक वात झाली, ताटलीत पडली.

“बस आधी.”

डॉक्टर ऋजुता बसली. बसली म्हणजे मठाच्या ओसरीच्या कडेला टेकली. एक डोळा मनगटावरच्या घड्याळाकडे होता. अडीच वाजले होते.

वडजाईत तिचा दवाखाना सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. कुठल्या घरात कुणाला दमा आहे, कुणाची साखर वाढते, कुठली सून सणावाराला डोकं धरून बसते, सगळं तिला तोंडपाठ. गाव तिला ‘आमच्या घरच्या डॉक्टरीणबाई’ म्हणायचं. तिला ते आवडायचं, आणि थोडं चढायचंही.

जिल्ह्याहून बायकांच्या कर्करोग तपासणीची गाडी आली होती, तीन दिवसांसाठी. तिशी ओलांडलेल्या बाईची छाती बघायची, तोंड बघायचं, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायची. दुखायला लागायच्या आधी दुखणं हाती लागावं, एवढाच त्यात हेतू. आज तिसरा दिवस. पाच वाजता गाडी निघणार होती, आणि पुन्हा कधी येईल हे गाडीवाल्यांनाही सांगता येत नव्हतं.

ऋजुताच्या यादीत पंच्याण्णव नावं होती. चौसष्टजणी येऊन गेल्या. एकतीसजणी नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. दत्ताचा हा मठ सांभाळणाऱ्या माईंचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही. तेव्हा माईंनी मठाच्या भोंग्यावरून एकदा सांगावं, की बायांनो, चार पावलं टाका आणि तपासून घ्या. झालं. बाकीचं ती बघेल.

“बोलावलंस कसं त्यांना?” माईंनी विचारलं.

आता ऋजुता नीट बसली. हे सांगायला तिला आवडणार होतं.

तिने सांगितलं, की सरकारी फलक लावला की बाया वाट वाकडी करून जातात. कॅन्सर शब्द ऐकला की कानावर पदर घेतात. म्हणून तिने युक्ती केली. दिवस संक्रांतीचे. तिने शाळेच्या पटांगणात मंडप घातला आणि तिन्ही दिवस हळदीकुंकू ठेवलं. दारात रांगोळी, कुंकवाचं तबक, गुलाबपाणी, अत्तर, तिळगूळ. मंडपाच्या मागच्या अंगाला लागूनच गाडी उभी केली. हळदीकुंकू घेऊन बाई उठली, की हसतबोलत तपासणीला. कुणाला भीती वाटायला उसंतच नाही. जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांनीही म्हणे पाठ थोपटली, असं आजवर कुणाला सुचलं नाही म्हणाले.

“वाण काय दिलंस?”

“वाटी, स्टीलची.”

“जाड की नुसताच पत्रा?”

ऋजुताला हसू आलं. “जाड आहे हो, माई. तुम्हाला आणून देऊ एक?”

माईही हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

“नावं वाच,” त्या म्हणाल्या. “न आलेल्यांची.”

ऋजुताने कागद उलगडला.

“हौसाबाई सुतार.”

एक वात ताटलीत पडली.

“शेवंता कुंभार... अक्काताई माळी... रखमाबाई, त्या गिरणीजवळच्या...”

“हौसा तुझ्याकडे येते ना गं?” माईंनी मध्येच विचारलं.

येते, ऋजुता म्हणाली. दर महिन्याला. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.

“गोळ्या देताना बोललीस तिच्याशी याचं?”

ऋजुता जरा अडखळली. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असतात, तिने सांगितलं. तेवढ्यात एकेकीला कुठे समजावत बसणार? शिवाय घरटी पत्रिका पोचली होती. तिने स्वतः गठ्ठे बांधून दिले होते.

“आणि पत्रिकेत सगळ्या महिलांना आग्रहाचं निमंत्रण होतं, माई. मी एकीलाही वगळलं नाही.”

माईंनी पुढची वात वळायला घेतली. ऋजुता पुढे वाचत गेली. नावं संपली. ओसरीवर पारव्यांचं घुमणं तेवढं राहिलं.

मग माईंनी हातातला कापूस बाजूला ठेवला. गुडघ्यावर जोर देऊन उठल्या. दत्ताच्या पुढ्यातलं पूजेचं तबक होतं, त्यातली कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि ऋजुताच्या समोर ठेवली. स्वतःही समोर बसल्या. अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशा.

माईंचे यजमान जाऊन चाळीस वर्षं झाली होती. कपाळावर अंगाऱ्याचं एक बोट असे, तेवढंच. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि तो अंगाराही पुसून टाकला.

मान पुढे केली. डोळे मिटले.

“लाव.”

ऋजुताला वाटलं, काहीतरी चेष्टा असेल. पण माई तशाच बसल्या होत्या. म्हातारं, मोकळं कपाळ पुढे करून.

असल्या रीतीभातींवर आपला विश्वास नाही, हे ती कितीदा भर सभेत बोलली होती. तिने बोट कुंकवात बुडवलं. हात उचलला.

हात मध्येच राहिला.

कुणी धरला नव्हता. कुणी बघतही नव्हतं. तरी तो पुढे जाईना.

“माई... तुम्हाला...”

“काय मला?”

ऋजुताने बोट मागे घेतलं.

माईंनी डोळे उघडले. रागावल्या नव्हत्या. त्या बोटाकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

“तू एवढी शिकलेली,” त्या हळू म्हणाल्या. “तुझा हात उचलेना... त्यांचा पाय कसा उचलेल?”

ऋजुताने कागदाकडे पाहिलं. हौसाबाई. शेवंता. अक्काताई. रखमाबाई. एकेका नावाशी एकेक मोकळं कपाळ तिला दिसू लागलं. गेली अकरा वर्षं ती कपाळं तिच्या समोरच्या खुर्चीत बसत होती. तिने त्यांचा ताप मोजला होता, नाडी धरली होती, आणि मंडपाच्या दारात कुंकवाचं तबक ठेवताना मात्र त्यांतलं एकही...

“लावते, माई,” ती एकदम म्हणाली आणि हात पुढे केला.

माईंनी तिचं मनगट धरलं. “राहू दे आता. मला माझा अंगारा पुरतो.”

मग पदरानेच तिचं बोट पुसून दिलं, लेकराचं पुसावं तसं.

ऋजुता बोलली तेव्हा तिचा आवाज डॉक्टरीणबाईंचा राहिला नव्हता.

तिने आईचं सांगितलं.

ती आठ वर्षांची असताना वडील गेले. त्यानंतर दर संक्रांतीला आई तिळगुळाचा डबा तिच्या हातात द्यायची आणि शेजारी पाठवायची. स्वतः मागच्या खोलीत गहू निवडत बसायची. शेजारणी प्रेमळ होत्या. येऊ नका, असं कधी कुणी म्हटलं नाही. या, असंही म्हटलं नाही. आईनेही कधी तक्रार केली नाही. हळूहळू तिने जिथे चार बायका जमतात तिथे जाणंच सोडलं. छातीत गाठ लागली तेव्हा ती सोळा महिने पदराखाली झाकून ठेवली. ऋजुता डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत आली तेव्हा आईने दाखवली, जराशी हसत. म्हणाली, मला कोण बघतंय, म्हणून राहिलं.

उशीर झाला होता.

“अजून दवाखान्यात पडदा सरकला की वाटतं, माई... आई येईल आत. या खेपेला वेळेवर येईल.” तिने डोळ्यांना रुमाल लावला. “हा मंडप मी तिच्यासाठी घातला होता. कुणाला सांगितलं नाही, पण तिच्याचसाठी.”

माईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग फार हळू विचारलं,

“ती आली असती?”

पारवे घुमत होते. उंबराचं एक फळ टपकन पडलं.

आपल्या आईच्या नावाने उभारलेल्या मंडपाच्या दाराशी आई आली असती, तबक पाहून क्षणभर थबकली असती, आणि पदर सारखा करून आल्या पावली परत गेली असती. ते ऋजुताला इतकं लख्ख दिसलं, की तिने कागद छातीशी धरला.

“आता मी कुठल्या तोंडाने बोलावू त्यांना?” ती म्हणाली. “भोंग्यावरून तुम्ही सांगितलंत तरी...”

माई उठल्या होत्या. मांडीवरचा कापूस झटकत होत्या.

“भोंगा राहू दे. हौसाचं घर मोडक्या पुलाच्या अलीकडे ना?”

“हो. पण उन्हात तुम्ही कशाला, माई? मी माझी गाडी काढते. मी जाते एकटी, बसते एकेकीपाशी. तबक, मंडप सगळं आवरायला सांगते आधी. गाडीवाल्यांचे पाय धरते, तासभर थांबा म्हणते. एकतीस घरं आहेत. नाही झाली सगळी तर...”

ती बोलत होती. माईंनी चपला पायात सरकवल्या. कोपऱ्यातली काठी घेतली. पायरी उतरून अंगणात गेल्या, आणि मग मागे वळून तिच्यापुढे हात धरला.

“चल,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईला घेऊन येऊ.”