आधीच फेडलेलं पाप

"डोळे काढण्याला प्रायश्चित्त किती, बाबा?"

मोरविथने उंबऱ्यातूनच विचारलं. ती वेल्समधल्या एका छोट्या राज्याची राजकन्या. होडीतून या खडकाळ बेटावर आली होती.

म्हातारा साधू भिंतीला टेकून लोकर पिंजत होता. डोळ्यांवर पट्टी. जन्मांध आहे, असं सगळे म्हणत.

"कुणाचे डोळे?"

"भाच्याचे. कीनानचे."

साधू पिंजत राहिला.

तिचे वडील, राजे, चार दिवसांपूर्वी वारले. भाऊ त्याआधीच लढाईत गेला. आता गादीवर हक्क सांगणारे दोघंच उरले होते... भावाचा मुलगा कीनान आणि तिचा मुलगा मेरिग. आंधळ्याला गादीवर बसवत नाहीत, ही तिथली रीत.

"जीव नाही घ्यायचा मला," ती म्हणाली. "माझ्याच घरी वाढलाय तो. आत्या म्हणतो. माझ्या हातचं खातो."

"म्हणून फक्त डोळे."

"म्हणून फक्त डोळे."

"सात वर्षं कोरडी भाकर आणि पाणी."

"झाली."

साधूचे हात थांबले.

"गेल्या ईस्टरला सात पुरी झाली. पाप करून मग उपास करणारे पुष्कळ असतात, बाबा. मी आधीच करून ठेवला."

हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली.

"त्याला वाढायचीस आणि स्वतः कोरडी भाकर खायचीस?"

"हो."

"त्याने विचारलं नाही कधी?"

"विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठीच करते. तेव्हापासून शुक्रवारी तोही माझ्याबरोबर उपास धरतो."

साधूने दाराकडे तोंड वळवून हवा हुंगली.

बाहेर लाटा आपटत होत्या...

"किनाऱ्यावर कोळसे पेटलेत," तो म्हणाला. "वास येतोय."

"माझी माणसं आहेत. त्याला धरून ठेवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा. माझे आबासुद्धा तुमच्याकडेच यायचे ना? दर महिन्याला, न चुकता."

साधूने डोक्यामागची गाठ सोडली. पट्टी मांडीवर पडली.

मोरविथ बघतच राहिली.

जन्मांधाचे मिटलेले डोळे तिने पाहिले होते. इथे डोळे नव्हतेच. दोन खड्डे होते, आणि कडेने भाजून आक्रसलेली कातडी.

"कुणी...?"

"थोरल्या भावाने. गादीवर बसायच्या आदल्या दिवशी."

तिने दाराची चौकट धरली. आबांना एकच धाकटा भाऊ होता. त्याच्या नावाने दरवर्षी देवळात मेणबत्ती तीच लावायची.

"इथेलकाका? ते तर समुद्रात बुडाले."

"असं सांगतात खरं."

किनाऱ्यावरून कुणीतरी तिला हाक मारली. काय करू, असं विचारत असावं. तिने वळून पाहिलं नाही.

"मग आबा..." ती कशीबशी म्हणाली. "आबा इथे कशाला यायचे?"

म्हाताऱ्याने चाचपत लोकर पुन्हा हातात घेतली.

"भर दुपारी यायचा. तू उभी आहेस तिथेच उन्हात बसायचा. आणि मला विचारायचा, इथेल, उजाडलं का रे?"