बर्फाखालचे जव

माणसं सशांचं बोलणं ऐकत असत (विश्वास मात्र तेव्हाही ठेवत नसत), अशा फार फार पूर्वीच्या काळातली ही गोष्ट.

उंच डोंगरातल्या एका गावात, सपाटीवरून नवीच आलेली एक तरुण आई आपल्या लेकीसोबत राहत होती. तिला सगळ्याचाच संशय. दूध उतू गेलं नाही, तर आज ते इतकं शहाण्यासारखं का वागतंय, याचासुद्धा!

तिने शेतात जव पेरले. कोंब बोटभर वर आले आणि एका सकाळी सगळं शेत बर्फाखाली गेलं. कणगीतलं धान्य उन्हाळ्यापर्यंतच पुरणार होतं. हे जव गेले तर लेकीच्या ताटात वाढायचं काय?

लेक मात्र टाळ्या पिटत धावली. "आई, बघ ना किती छान!"

"छान काय त्यात? रात्रीतून गुपचूप येऊन बसलाय. चांगला पाहुणा हाक मारून येतो." असं म्हणून आईने फावडं उचललं आणि बर्फ उपसायला घेतला.

बांधावरून एक पांढरा ससा म्हणाला, "बाई, राहू दे ते. बर्फाखाली ऊब असते. मी तिथंच झोपतो."

"बर्फात ऊब? आणि तुला रे कशाला माझ्या शेताची एवढी काळजी? मी घरात गेले की कोंब खायला मोकळा!"

"खातो की दोन-चार. खोटं कशाला बोलू? पण गारठा एकही ठेवणार नाही."

झालं. सशाने कबूल केलं म्हणजे त्याचा काहीतरी डाव असणारच, असं तिला वाटलं. तिचे हात दुप्पट वेगाने चालू लागले.

दुपार कलेपर्यंत शेत मोकळं झालं. एक कोपरा तेवढा राहिला. तिथं बर्फाचे लाडू वळून लेक मधोमध फतकल मारून बसली होती.

"ऊठ बघू."

"नाही. सगळे जेवायला बसलेत."

"सगळे कोण?"

"डोंगर!"

आई हरली. "गेला एवढा कोपरा," असं पुटपुटत लेकीला शालीत गुंडाळून घरी घेऊन आली.

मग आठ दिवस हाडं गोठवणारा गारठा पडला. उघडे कोंब काळे पडले आणि मातीला चिकटले. वसंतात बर्फ वितळला तेव्हा गावातली बाकीची सगळी शेतं हिरवी होती. तिच्या शेतात हिरवा होता तो फक्त लेकीचा कोपरा.

त्या वर्षी मायलेकींनी रानभाजीवर आणि शेजारणींनी दिलेल्या पेजेवर दिवस काढले. कोपऱ्यातले जव आईने चाखलेही नाहीत. सगळे बियाण्याला ठेवले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बर्फ आला. आईचा जीव धसकला, नाही असं नाही. पण तिने दारातूनच हात जोडले. "ये बाबा, नीट पांघरूण घाल माझ्या पिकाला." आणि लेकीमागे ती अशी धावली, अशी हसली, की आपलं हसू इतकं मोठं आहे याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तात्पर्य: संशयापायी माणूस अंगावरचं पांघरूणही ओढून फेकतो, म्हणून दाराशी आलेल्याला हाकलण्याआधी, त्याने आपल्यासाठी काय आणलंय ते पाहावं.