ठकूबाईची फुंकर

फार वर्षांपूर्वी, बिड्या अजून डोंगराच्या या बाजूला पोचल्या नव्हत्या तेव्हा, उंबरदरीत ठकूबाई कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, बनी. चाकाला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत होती. म्हणून ठकूबाई काडीवर माती वळून हातानंच चिलमी करायची. भाजून झाली की प्रत्येक चिलीम ओठांना लावून ती एक लांब फुंकर घालायची. फुंकर आरपार गेली तर चिलीम विकायची, अडली तर तिथंच फोडायची.

तिच्या चिलमी ओढायला फार हलक्या. पारावरून म्हातारा तातोबा म्हणायचा, "ठकू, तुझ्या चिलमीत तंबाखू नुसता नावाला गं. झुरका तुझाच येतो!"

"मग खोकलाही माझ्याच नावावर घाला की, तातोबा."

असं म्हणतात, तातोबाची थट्टा खरी होती.

मग मानमोडीची साथ आली. ताप चढायचा, छातीत घरघर लागायची आणि धडधाकट माणूस श्वासावाचून जायचं. तातोबाचंही तोंड काळंनिळं पडलं. सवयीनं त्यानं चिलीम मागितली. मरत्या माणसाची इच्छा म्हणून घरच्यांनी रिकामीच हातात दिली. त्यानं झुरका घेतला आणि त्याच्या छातीत थंड, स्वच्छ वारा शिरला. तो उठून बसला. मग घराघरांतून चिलमी निघाल्या. बायकाही ओढू लागल्या, लेकरांच्या ओठांनाही लावू लागल्या.

इकडे ठकूबाईला अंगण झाडताना धाप लागू लागली. गावात कुणी झुरका घेतला की तिच्या छातीतून काहीतरी ओढलं जायचं. तिला कळलं, पण ती बोलली नाही. वाचताहेत तर वाचू देत, असं तिला वाटलं.

आणि मग बनीला ताप आला.

घरात एकही चिलीम नव्हती. दोघी मायलेकींना ती कशाला लागणार? ठकूबाईनं घाईघाईनं माती वळली, चुलीतच भाजली, ओठांना लावली. फुंकर मधेच संपली. दुसरी केली, तीही तशीच. तेव्हा ती तातोबाच्या दारी गेली.

"तातोबा, चिलीम द्या. बनीपुरती. लगेच आणून देते."

दार उघडलं नाही. आतून तातोबा म्हणाला, "घरात अजून दोघं पडून आहेत गं. अन् तू तर करणारी. जा, दुसरी वळ की."

पुढच्या दारीही तेच. कुठं तर नुसतीच आतून कडी लागल्याचा आवाज आला. भिंती धरत धरत ठकूबाई घरी पोचली, तेव्हा बनीची छाती हलत नव्हती.

तिनं लेकीला उचललं आणि ती मातीच्या खाणीकडे चालू लागली. पुन्हा ती कुणाला दिसली नाही. असं म्हणतात, त्याच घटकेपासून उंबरदरीतली एकही चिलीम ओढली जाईना. काड्या घालून पाहिल्या, भोक मोकळंच होतं, पण वारा येईना. तातोबाकडची ती दोघं गेली, मग तातोबाही गेला. चिलमी करणं त्या गावातून उठलं ते कायमचं.

अजूनही कार्तिकातल्या अमावास्येला, ठकूबाई गेली त्या तिथीला, उंबरदरीत कुणी दाराला कडी लावत नाही. वारा आत शिरतो, पोरं कुडकुडतात, तरी म्हातारी माणसं दार लोटू देत नाहीत. घरातलं एक जण उंबऱ्यापाशी जाऊन म्हणतं, "ये ठकूबाई, काय हवं ते ने." मग सगळे तिची वाट पाहत उभे राहतात.

असं म्हणतात, तिनं अजून काही नेलेलं नाही.