ठकूआईचं जातं

घोणसगडावर तोफा होत्या आणि तोफांच्या खाली बायकांचा बंदीखाना होता, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गडाखालच्या कारवट्यात ठकूआई नावाची सुईण होती. अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. गुडघे कधीच कामातून गेले होते, तरी गडावरून बोलावणं आलं की टोपली डोक्यावर घेऊन ती चढायची. कुणी कैदिणीचा गुन्हा सांगू लागलं, तर म्हणायची, "त्ये ऱ्हाऊ द्या. दूध येतंय का तिला, त्ये सांगा."

एकदा कोंडाई नावाची कैदीण बाळंत झाली. तिसऱ्याच दिवशी तिला जात्यावर बसवलं. रोज पायलीभर नाचणी दळायची, नाहीतर भाकरी बंद. ठकूआई पाचवी पुजायला गेली, तेव्हा कोंडाईचं दूध आटलं होतं आणि पोरीला रडायचंही त्राण नव्हतं. कोंडाई जात्यावरून उठली नाही तर पोर हातची जाणार, हे सुईणीला सांगावं लागत नाही.

ती तडक किल्लेदारापुढे गेली. तो जेवत होता.

"धनी, वल्ल्या बाळंतिणीनं दळल्यालं खाताय व्हय? सोयर फिटलं न्हाई अजून तिचं."

किल्लेदार तोफेला भीत नसे, विटाळाला भ्याला. हातातला घास ताटात पडला. "किती दिवस पाळायचं?"

सोयर दहा दिवसांचं. पण ठकूआईनं जन्मात पहिल्यांदा थाप मारली. "सव्वा महिना, धनी."

"मग तिचं दळण कोण दळणार?"

याचा विचार तिनं केलाच नव्हता. ती दमलेली होती, फार दमलेली. तरी म्हणाली, "मी."

कोंडाईला दूध आलं, पोरगी वाचली. मग दुसरी कैदीण बाळंत झाली, मग तिसरी. थाप मागे घेता येईना. उरलेलं आयुष्य म्हातारीनं खुंटा धरून काढलं. दमलीस का, असं मात्र तिला कुणीही विचारलं नाही. सांगतानासुद्धा जीव तुटतो.

असं म्हणतात, तिच्या हातातली ताकद संपली, तेव्हा जातं आपणहून फिरू लागलं. असं म्हणतात, त्या पिठाला दुधाचा वास यायचा. एका सकाळी पहारेकरी आला, तर जातं गरगरत होतं, पीठ उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि ठकूआई भिंतीला टेकून कायमची निजली होती.

आता गड पडला. जातं कारवट्याच्या पारावर आहे. दर माघात गावच्या बायका त्यावर नाचणी दळतात आणि लाडू वळून तालुक्याच्या तुरुंगात लेकुरवाळ्यांना नेऊन देतात. गुन्हा विचारत नाहीत. दूध येतंय का, एवढं विचारतात. पण दळायच्या आधी पारावरच्या झाडाच्या बुंध्याशी एक पाट मांडतात, आणि सगळ्यांत म्हातारी बाई त्या रिकाम्या पाटाला सांगते, "ठकूआई, तू टेक गं आता. दळण आमी दळताव."