मिसळीने बदललेला सीचा नियम

कोल्हापूरच्या एका कंपनीचं सी भाषेतलं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालायचं. सीची नवी आवृत्तीही तिन्हीकडे चालत होती, पण पुण्याहून आलेले साठेसाहेब जुनीलाच चिकटलेले. नवीत प्रोग्रामच्या तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये, लागणाऱ्या गोष्टीचं नाव मध्येच सांगितलं तरी चालायचं; साहेब मात्र टीमला बजावायचे:

"फंक्शनमध्ये जे जे लागेल, त्याची नावं सुरुवातीलाच सांगायची! मध्येच काही आठवलं, हे चालणार नाही."

दुपारी मिसळीची ऑर्डर टीममधल्या मृदुला घोरपडेने घेतली.

"एक मिसळ, दोन पाव," साहेब ऐटीत म्हणाले.

दुसऱ्याच घासाला साहेबांचे कान लाल झाले. "पाणी! दही! काहीतरी दे!"

मृदुलाने तांब्या स्वतःकडे ओढला. "सुरुवातीला सांगितलं नव्हतंत, साहेब. मध्येच कसं चालेल?"

"बाई गं, नवी आवृत्ती आजपासून लागू!"

"तिन्हीकडे?"

"तिन्हीकडे! आधी पाणी!"