कुबड वेगळं

एक होतं जंगल. जंगलात लोकशाही होती. म्हणजे राजा अस्वलमहाराजच होते, पण दर पाच वर्षांनी त्यांना निवडून यावं लागे आणि दर पाच वर्षांनी ते येत. जंगलाच्या मधोमध एक पाणवठा होता. त्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त होता.

त्या जंगलात दचकोजी नावाचं एक भेकर राहत असे. धोका दिसला की ओरडायचं, हे भेकरांचं पिढीजात काम. दचकोजीचा आवाज असा खणखणीत, की तो ओरडला की हत्तीसुद्धा कान टवकारी. एरवी मात्र तो भारी भिडस्त. समोरचा हसून बोलला की याच्या तोंडून 'नाही' निघत नसे. कुणाकडे जेवायला गेला, तर न आवडणारी भाजी तो दोनदा घेई.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा सभा भरली. प्रधान काटदरे जातीने साळिंदर. त्यांनी सांगितलं की समुद्रापलीकडे वाळूपार नावाचा देश आहे, तिथली रानगाढवं खुरांनी जमीन उकरून पाणी काढतात. त्यातलं एक गाढव सल्लागार म्हणून आणू, ते आपला पाणवठा उपसून देईल.

"आता गाढवाचा सल्ला घ्यायचा?" रानडुकराने विचारलं.

"परदेशी गाढव आहे," काटदरे म्हणाले.

"असं होय. मग हरकत नाही."

सल्लागाराच्या मानधनासाठी घरोघरून मोहाची वाळलेली फुलं गोळा झाली. सशिणीने तर पोरांच्या तोंडचा घास काढून मूठभर फुलं दिली. भरलेली पिशवी दचकोजीच्या गळ्यात बांधण्यात आली, कारण कुणी हात घातलाच तर हा ओरडेल तरी. निघताना त्याची बायको भिवराबाई म्हणाली, "अहो, कुठेही मान डोलावण्याआधी सगळं विचारून घ्या. भीड ही भिकेची बहीण."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" असं म्हणून दचकोजी निघाला.

वाळूपारच्या किनाऱ्यावरून गाढवांच्या गावी जायला भाड्याने उंट मिळत. ठेल्यावर एक वाळूमांजर बसली होती. "दिवसाचं एक फूल," असं म्हणून ती इतकं गोड हसली की भाडं फार कमी आहे याची दचकोजीलाच लाज वाटली.

"कुबड लागेल का साहेबांना?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"उंटाचं एक फूल. कुबड वेगळं."

"मग कुबडाशिवाय बसायचं कुठे?"

"ते ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे. आम्ही सक्ती करत नाही."

मागे रांगेत उभ्या असलेल्या कोल्ह्याने घसा खाकरला. दचकोजीने मुकाट्याने कुबड घेतलं. मग लगाम घेतला, कारण तोही वेगळा होता.

"आणि काळजीमुक्त योजना? वाटेत उंटाला काही झालं तर सगळं त्यात येतं. पाय, मान, शेपूट आणि ओठ सोडून."

"मग राहिलं काय?"

"मनःशांती, साहेब."

बाकीचं विचारावं असं दचकोजीच्या मनात होतं. पण परक्या मुलखात आपल्या जंगलाला कुणी भिकारडं म्हणू नये म्हणून त्याने मान डोलावली. उंटाच्या बरगडीवर एक टक्कल होतं, तेही त्याला दिसलं. एवढ्यातेवढ्यावरून कुठे बोलायचं, म्हणून तो गप्प बसला.

गाढवांच्या गावातलं एक जाणतं गाढव लगेच तयार झालं. "गाळ काय, चार दिवसांत काढू. मानधन पिशवीभर." पिशवी अजून जवळपास भरलेलीच होती. दचकोजीने गाढवाला मागे बसवलं आणि गाणं गुणगुणत तो किनाऱ्याला परतला.

वाळूमांजर तशीच हसत होती. "दुसरा प्रवासी बसवलात. तो वेगळा. आम्ही उंट पोट भरून दिला होता, तो पोट भरूनच परत घेतो." उंटाला चारा घालण्यात आला. उंटाने खाल्ला आणि आणखी मागितला. "आणि तुम्ही टेकडीवरून आलात. टेकडीवर टोल आहे."

"पण तिथे पाटी नव्हती."

"वर गिधाडं फिरत होती ना? त्यांनी बघितलंय. ते बघण्याचे वेगळे. आणि हे बरगडीवरचं टक्कल?"

"ते आधीपासून होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं, तर तेव्हाच का नाही बोललात, साहेब?"

दचकोजीने पिशवीची गाठ सोडली. पिशवी रिकामी झाली. सल्लागाराने त्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"मी गाढव आहे," ते म्हणालं, "पण इतकं नाही." आणि आल्या वाटेने चालतं झालं.

परतीच्या वाटेवर दचकोजीने ठरवलं, सगळं खरं सांगून टाकायचं. पण जंगलात कमानी उभ्या होत्या, ढोल वाजत होते. त्याने काटदऱ्यांना बाजूला घेऊन झालेली फजिती सांगितली आणि बोलणी खायची तयारी ठेवली. काटदऱ्यांचे काटे आनंदाने उभे राहिले.

"म्हणजे भाडं शेवटपर्यंत एकच फूल?"

"हो. ते नाही वाढलं."

"आणि तरी पिशवी रिकामी. वा, दचकोजीराव."

संध्याकाळी अस्वलमहाराजांनी भाषण केलं. "भावांनो आणि बहिणींनो, दौरा यशस्वी झाला आहे. आपल्या प्रतिनिधीने इतकं ज्ञान आणलं आहे, की आता गाढवाची गरजच उरलेली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सशीणही वाजवत होती. दचकोजीच्या गळ्याशी ओरडा आला होता. त्याच गळ्यात हार पडला आणि त्याने तो ओरडा गिळला.

मग निवडणूक आली. 'पाणी फुकट, आजही, उद्याही' अशी घोषणा झाडाझाडावर लागली. महाराज निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला. पाणी फुकटच राहिलं. काठ वेगळा झाला. काठावरची सावली वेगळी झाली. मान खाली घालून पिणाऱ्यांना सवलत मिळाली. पुढे असा हुकूम निघाला, की पाणवठा जसा भरलेला मिळाला तसाच भरून परत करावा, म्हणून हरणं तोंडात धरून पाणी आणू लागली. गाळ मात्र सगळ्यांना सारखा वाटला जाई.

एका दुपारी सशिणीची पोरं काठाच्या अलीकडे जिभा काढून पडलेली दचकोजीने पाहिली. तिच्याकडे आता द्यायला फूल नव्हतं. ते कुठे गेलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तो टेकाडावर चढला आणि आयुष्यात ओरडला नव्हता इतक्या जोराने ओरडला. धोका आहे, असं ओरडला. धोका पाणवठ्यावरच बसलाय, असं ओरडला.

काटदरे हसतमुखाने आले. आता आपल्याला धरून नेणार, असं दचकोजीला वाटलं.

"ओरडा, ओरडा," काटदरे म्हणाले. "आपल्या जंगलात त्याची पूर्ण मुभा आहे. एक फूल पडत नाही."

दचकोजी ऊन उतरेपर्यंत ओरडला. रानडुक्कर चरत राहिलं. हरणं पाणी वाहत राहिली. हत्ती तर चार पावलांवरच उभा होता, कान घट्ट मिटून.

"गजराज," घसा बसलेला दचकोजी म्हणाला, "तुम्हालासुद्धा ऐकू येत नाही?"

हत्तीने घाबरून काटदऱ्यांकडे पाहिलं.

"त्यांना कशाला खर्चात पाडता?" काटदरे म्हणाले. "ओरडणं फुकट आहे, दचकोजीराव. ऐकणं वेगळं."