पाटाचा फुगलेला काठ

“ताप गेला, चट्टे गेले, पोर दिवसभर उड्या मारतेय… मग रोज गोळी कशाला, बाबा?”

गुलाबशा फकीर आपल्या तकियात, गावाबाहेरच्या मठीत, झेंडूच्या वाफ्याशी बसले होते. वैजू पुढ्यात उभी. तिची लेक रेणू पाटाच्या पाण्यात पाकळ्या सोडत होती.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात, त्या तापानं काळजाची एक नळी फुगलीय. तिथं रक्त रेंगाळतं, गुठळी होईल. होऊ नये म्हणून गोळी. आणि सासूबाई म्हणतात, एका हातात गोळी नि दुसऱ्या हातात तुमचा ताईत, कुणा एकावर तरी भरवसा ठेव!”

बाबा हसले.

“तुम्ही नुसतं हो म्हणा. आजपासून गोळी बंद करते.”

बाबा वाफ्यातलं तण उपटू लागले.

“सातवीपर्यंत शिकलेय मी. मलाही कळतं. इतकी गोळी देतेय, पण होतं काय? काहीच तर होत नाही!”

“काहीच होत नाही?”

“काहीच नाही.”

“वा!” बाबा म्हणाले.

वैजूला त्यात वा म्हणण्यासारखं काय, ते कळेना.

तेवढ्यात रेणू ओरडली, “आई, माझ्या पाकळ्या अडल्या!”

पाटाचा काठ एका जागी फुगला होता. सरळ आलेलं पाणी तिथं येऊन गोल गोल फिरत होतं. पाकळ्या, काड्या, गाळ, सगळं तिथंच साचत होतं. पुढच्या वाफ्यात पाण्याची नुसती रेघ.

वैजू खाली वाकली. “इथं काय झालं, बाबा?”

“म्हैस बसली होती. गेल्या उन्हाळ्यात.”

“आता कुठंय ती?”

“गेली. तेव्हाच हाकलली.”

“मग हा काठ?”

“भरतोय हळूहळू. भरला तर भरला…”

वैजूनं बोटांनी पाकळ्या पुढं ढकलल्या. पाणी धावलं. पुन्हा चार पाकळ्या आल्या, थबकल्या. तिनं पुन्हा ढकलल्या. मग काड्या. मग गाळ. पुढच्या वाफ्यातली माती काळी होत गेली.

रेणू टाळ्या पिटत होती. वैजू मान वर न करता पाणी हलवत राहिली.

बाबांनी तिच्या हाताकडे बोट दाखवलं.

“म्हैस तर कधीच गेली, बेटी. मग तुझा हात ओला कसा?”